होणाऱ्या सासऱ्यांच्या कानात हसलो, त्याची गोष्ट

माझं लग्न मोडलं ते पिक्चरमुळं. लोक काय काय सांगतात. कुणी म्हणतं पत्रिका जमली न्हाय, कुणी म्हणतं मानपानावरनं बिनसलं, पलीकडच्या गल्लीतल्या एक काकू तर सांगत सुटल्यात की पोरगीला दम्याचा त्रास हाय. मला कसलाबी त्रास न्हाय. मी हसलो. थिएटरात, बाल्कनीत, होणाऱ्या सासऱ्यांच्या उजव्या कानात, पोट धरून हसलो. एवढंच झालंय, आणि ते मी लपवणार न्हाय. म्हणून तर टायपिंग क्लासच्या मशीनवर बसून हे सगळं एका दमात बडवतोय. सर म्हणतात, तुझा वेग चांगला हाय, पण मधी श्वास घेत जा. घेतो नंतर.

बाहेरगावच्या वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, मी मुलगी हाय. आमच्या कोल्हापुरात पोरीपण 'आलो, गेलो, जातो, खातो' असंच बोलतात. आई तसंच बोलते, मीबी तसंच बोलणार आणि तसंच लिहिणार.

तर स्थळ आणलं मामानं. मामा मुरगूडचा, आईचा सख्खा भाऊ, आणि जगातल्या सगळ्या पोरींची लग्नं आपणच जमवायचीत असं त्याला वाटतं. मुलगा इचलकरंजीचा, घरचे कापडाचे माग, एकुलता एक. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी बघायला आले तेव्हा त्यांच्यातल्या सगळ्यांनी मला तेच ते विचारलं. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, उंची किती. शेवटी मुलाला म्हणाले, तुला काय विचारायचं असलं तर विचार. त्यानं पोह्याची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "पिक्चर आवडतो का?"

मी म्हटलं, "लई."

तो म्हणाला, "मलाबी."

बास. मला तो आवडला. खरं सांगतो, त्या एका प्रश्नावर मी मनातनं इचलकरंजीला जाऊन पोचलोवतो.

साखरपुडा झाला. आमच्या नात्यात साखरपुड्यानंतर दोन्ही घरांनी मिळून एक पिक्चर बघायचा, अशी पद्धतच पडलीया. लग्नाआधी नवरानवरीनं एकटं कुठं जायचं न्हाय, मग निदान एका अंधारात बसू दे. पण कसं, तर नवरी रांगेच्या या टोकाला, नवरा त्या टोकाला, आणि मधी दोन्हीकडची माणसं भिंत घातल्यासारखी. पिक्चर निवडायचं काम मामाकडं आलं.

मी विचारलं, "मामा, पिक्चर कसला हाय?"

"कसला म्हंजे? घरगुती. पोस्टर बघितलंय की मी. नवरा हाय, बायको हाय, दोन पोरं हायत, म्हातारी हाय, टॅक्सीच्या टपावर वळकटी हाय. वळकटी असलेला पिक्चर कवा वाईट असतोय व्हय?"

आता मामाला कोण सांगणार. तिकिटं काढून झालीवती.

त्या दिवशी पावण्यांची एसटी उशिरा आली. आम्ही सगळे आत शिरलो तेव्हा पडद्यावर बातम्यांची रिळं चालू होती आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. मामानं दारातच हाताला येईल तसं एकेक तिकीट एकेकाच्या हातात कोंबलं. बॅटरीवाल्यानं नंबर बघून बसवत नेलं. खुर्चीत बसून डोळे सरावल्यावर शेजारी बघतोय तर होणारे सासरे! पांढरीफेक टोपी, ताठ पाठ, दोन्ही हात काठीवर. उठून जागा बदलावी तर मागचे ओरडायला लागले. आई पलीकडनं कुजबुजली, "बस आता गप, पाय हलवू नको." नवरदेव त्या टोकाला, आमच्या दादांच्या शेजारी. दादा म्हणजे माझे वडील.

पिक्चर सुरू झाला. नवरा, बायको, पोरं आणि नवऱ्याची आई सुट्टीला डोंगरावर निघालेत. बायको म्हणते, मी खिडकीत बसते. नवरा म्हणतो, तुला वारा बाधतो. तिला कधीच वारा बाधलेला नसतो. मग म्हातारी मधोमध बसते आणि दोघं तिच्या डोक्यावरनं एकमेकांशी गोड बोलत भांडायला लागतात. पोरांसमोर आवाज चढवायचा न्हाय, म्हणून हसत हसत. कुठं थांबायचं, काय खायचं, पोरांनी शू कधी करायची, सगळं नवरा ठरवतो. पहिल्या पंधरा मिनिटांत बाल्कनीला कळेना, हसायचं का घाबरायचं. कारण ती दोघं एकमेकांचा काटा काढायला निघालीत, हे हळूहळू दिसायला लागलं. कड्याजवळ 'पुढे जाऊ नये' अशी पाटी असते. नवरा ती बघतो आणि बायकोला दिसू नये म्हणून तिच्यापुढं जाऊन उभा राहतो. बायको कमी न्हाय. ती रात्री त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीत पोराच्या पेपरमिंटच्या गोळ्या भरून ठेवते. आणि सकाळी विचारते, "अहो, गोळी घेतलीत ना?"

खालच्या वर्गात तालमीतली पोरं बसलीवती, ती पहिल्यापासनं रंगात. मी मात्र ओठ दाबून. शेजारी काठी होती की.

मध्यंतरात सासऱ्यांनी सगळ्यांना सोडा पाजला, शेंगदाण्याच्या पुड्या वाटल्या. माणूस कंजूष न्हाय, हे सांगायलाच पायजे. हातात बाटली घेऊन ते दादांना म्हणाले, "लग्न उरकलं की आमचीबी ट्रिप हाय, महाबळेश्वरला. म्या मॅटॅडोर गाडी सांगून ठिवलीया."

दादा म्हणाले, "व्वा! दोघंच?"

"दोघं कशाला? आमी दोघं, थोरली लेक तिची पोरं घिऊन, माजी भन आक्का, आनि ही नवी जोडी. पोरीला मधी बसवायची, म्हंजे गाडी लागत न्हाय."

"मला गाडी लागत न्हाय," मी म्हटलं.

"लागती. सगळ्या बायकांना लागती," ते म्हणाले. "आमच्या हिलाबी लागती."

त्यांच्या 'हिनं', म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, सोड्याच्या बाटलीत बघून मान हलवली. मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याकडं बघितलं. तो शेंगदाण्याची टरफलं बोटानं एका बाजूला सारत होता, जसं काय ती मोजायचीच हायत.

घंटा झाली. आत गेलो. आता जागा बदलता आली असती, पण सासरे म्हणाले, "बस हितंच, पोरगी आमचीच हाय." बसलो.

आणि मग तो कड्याचा सीन आला. नवऱ्याच्या गळ्यात कॅमेरा. तो म्हणतो, "जरा मागे हो. अजून थोडी. डोंगर येत नाही फोटोत." ती एक पाऊल मागं, दोन पावलं मागं, थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल. मग ती थांबते आणि म्हणते, "अहो, तुम्ही कुठल्याच फोटोत नसता. या इकडे, तुमचा काढते." आता कॅमेरा तिच्याकडं, तो कड्याकडं. "जरा मागे व्हा ना. अजून थोडे." आणि त्याचा पाय घसरतो! खाली एक झुडूप, त्याला धरून तो लोंबकळतोय. लोंबकळत लोंबकळत तो काय म्हणतो, ऐका. "हात दे. डावा नको, उजवा दे. आधी पर्स खाली ठेव. तिथे नको, ओलं आहे. आणि आईला सांगू नकोस."

बायको पर्स खाली ठेवते. त्यानं सांगितलं तसं न्हाय, ओल्यातच ठेवते. शेजारच्या दगडावर बसते. पर्समधनं संत्रं काढते. सोलते. शिरा काढते, एकेक, लेकराला भरवायचं असल्यासारख्या. खालनं आवाज येतोय, "काय करतेयस?" ती एक फोड तोंडात टाकते आणि लांब डोंगराकडं बघते.

खालच्या वर्गातनं एक पोरगं ओरडलं, "वयनी, सावकाश! बिया काढून खावा!"

आणि मी फुटलो.

तसलं हसू मला जन्मात आलं नव्हतं. पोटातनं आलं, नाकातनं आलं, डोळ्यांतनं पाणी आलं, खुर्ची हलायला लागली. मला पडद्यावरची टॅक्सी दिसेनाच, मला मॅटॅडोर दिसायला लागली. मधी बसलेली मी, या बाजूला आक्का, त्या बाजूला थोरली लेक, आणि पुढच्या सीटवरनं आवाज, थांबायचं हितं न्हाय, पुढं थांबायचं. जितकं दाबावं तितकं वर येत होतं. मी तोल जाऊन डावीकडं कलंडलो आणि सगळं हसू सासऱ्यांच्या कानात.

"ए पोरी!" सासरे म्हणाले. "मानूस मराय लागलाय आनि दात काढतीस?"

मी सांगायला गेलो, "न्हाय वो, मराय लागलाय तरी हात कुठला द्यायचा ते सांगतोय..." आणि ते सांगताना आणखीनच हसू आलं.

सासरे उठले. उभेच राहिले. त्यांच्या टोपीची सावली पडद्यावर, बरोबर त्या बाईच्या तोंडावर. खालनं आरोळी आली, "ए टोपी! खाली बस!" दुसरा म्हणाला, "आरं, बुवाला उतरवा की कड्यावनं!" सासऱ्यांनी काठी आपटली. "चला रं सगळी." त्यांची सगळी रांग उठली. पावणे उठल्यावर आमचे दादा कसे बसतील? तेबी उठले, मामा उठला, आम्हीबी उठलो. जाताना पडद्याच्या उजेडात मी बघितलं, नवरदेवानं तोंडाला रुमाल लावलावता आणि त्याचे खांदे हलत होते.

बाहेर मामा सासऱ्यांच्या मागं मागं, "पोरगी ल्हान हाय वो, पावणं."

"ल्हान? साडी नेसलीया."

दोन दिवसांनी मामा निरोप घेऊन आला. येत्या रविवारी ते येणार. पोरीनं सगळ्यांसमोर 'चुकलं' म्हणायचं. म्हटलं तर लग्नाची तारीख धरायची, न्हाय तर साखरपुड्याची साडी न् अंगठी परत पाठवायची.

दादा म्हणाले, "एक शब्द हाय. म्हणून टाक आणि मोकळी हो."

"काय चुकलं ते सांगा, म्हणतो."

"मोठ्या माणसासमोर हसलीस."

"पिक्चर हसायचाच होता."

"हसायचा हाय का न्हाय ते मोठ्या माणसानं ठरवायचं असतंय!"

बघा. दादांनी स्वतःच सांगितलं. मला तो मुलगा पाहिजे होता, हे मी आजबी म्हणतो. एक शब्द म्हणायला माझी जीभ काय झिजली नसती. पण मी विचार केला, हसल्याबद्दल चुकलं म्हणायचं, तर उद्या कशाकशाबद्दल म्हणायचं? खिडकी मागितली म्हणून? गाडी लागत न्हाय म्हणून? आणि एकदा म्हटलं की पुढच्या वेळेला ते आठवण करून देणार, त्या येळंला म्हनालीवतीस की.

शुक्रवारी मी क्लासला जातो म्हणून निघालो आणि थेट थिएटरला गेलो. एकटी. बायकांच्या खिडकीवर तिकीट काढताना आतली बाई म्हणाली, "बरोबर कोण?" मी म्हटलं, "कोण न्हाय." तिनं तिकीट दिलं. त्या दिवशी मी उरलेला पिक्चर शेवटपर्यंत बघितला, आणि जिथं हसायचं तिथं हसलो. रांगेतली एक म्हातारी मला म्हणाली, "हस बाई, आमी दाबून दाबून म्हातारी झालो."

रविवारी सगळे आले. पुढच्या खोलीत सतरंजी. सासरे मधी, सासूबाई भिंतीला टेकून, नवरदेव दाराजवळ. मामानं उगाच पावसापाण्याचं काढलं. ते कुणी पुढं नेलं न्हाय.

सासरे म्हणाले, "म्या काय लई मागत न्हाय. पोरगी गुनाची हाय, मला म्हाईत हाय. पर उद्या चारचौघांत माज्या तोंडावर हसली, तर मागावरची मानसं मला काय म्हनतील?"

मी म्हटलं, "मी तुमच्यावर हसलो न्हाय. तुमच्याजवळ हसलो."

"ते एकच."

"एक न्हाय, आबा."

दादांनी डोळे मोठे केले. "म्हण. चुकलं म्हण."

"न्हाय म्हणणार."

तेवढ्यात आई बोलली. आई पावण्यांसमोर कधी बोलत न्हाय, चहाचे कप गोळा करायचे म्हणून वाकलीवती, ती तशीच म्हणाली, "ती म्हणायची न्हाय. आनि त्या दिवशी मीबी हसलो. पदराचा बोळा तोंडात घालून हसलो. माझं काय करायचं ते आधी सांगा."

मामाच्या घशात चहा अडकला. सासूबाईंनी मान खाली घातली. पण मला दिसलं, त्यांचे ओठ हलले.

मला आईकडनं बळ आलं, म्हणून मी सरळ दाराकडं वळलो. "तुमाला हसू आलतं का न्हाय? तेवढंच सांगा."

सासरे म्हणाले, "त्याला काय इचारतीस? मला इचार."

"तुमाला आलं न्हाय, ते मला ठाऊक हाय. त्यांना विचारतोय."

तो फरशीकडं बघत राहिला. मग तो म्हणाला, "आलतं."

तो परत म्हणाला, "लई आलतं. दाबलं."

काय वाटलं मला, सांगू? वाटलं, झालं, जिंकलो. मॅटॅडोर गेली खड्ड्यात.

सासरे उठले. "चला." सासूबाई उठल्या. आणि तोबी उठला. दारात वाकून चपला शोधल्या, एक सापडेना, ती दुसऱ्यांच्या चपलांखाली गेलीवती, ती काढली, घातली. मी बघत होतो. एवढा वेळ होता त्याच्याकडं. चप्पल शोधायला लागतो तेवढ्या वेळात माणूस दहा गोष्टी बोलू शकतो. सासऱ्यांनी गल्लीतनं हाक मारली, "चल रं." तो गेला.

खरं बोलला आणि उठला. त्याच्या खरं बोलण्याबद्दल मी त्याला कधी नावं ठेवणार न्हाय. पण उठलाच.

साडी न् अंगठी परत द्यायला दादा निघाले, तेव्हा मीबी येतो म्हटलं. दादा म्हणाले, तुझं काय काम? मी म्हटलं, मला दिलीया, मीच परत देणार. इचलकरंजीला पोचलो तर शेडमध्ये मागांचा खडखडाट, बापलेक आत. बाहेरच्या सोप्यात, म्हणजे पडवीत, सासूबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसलेल्या. त्यांनी साडी घेतली, अंगठी कनवटीला लावली. दादा शेडकडं गेले तसा त्यांनी चरखा थांबवला आणि मला खुणेनं जवळ बोलावलं.

"त्या बाईनं दिला का गं हात, शेवटी?"

त्यांनी पिक्चर अर्धाच बघितलावता. इतके दिवस त्या बाईनं हात दिला का न्हाय, हे डोक्यात घेऊन कांड्या भरत होत्या.

मी म्हटलं, "दिला. आख्खं संत्रं खाल्लं, रुमालाला हात पुसले, मग दिला. वर आल्याबरोबर तो म्हणतो, किती उशीर!"

"म्हनला असंलच," त्या म्हणाल्या. "आनि मग?"

"मग परत निघाले. टॅक्सीत ती आधीच खिडकीत जाऊन बसली. उठ म्हणायची त्याची छाती झाली न्हाय."

सासूबाईंनी शेडकडं एकदा बघितलं. "आमी नव्यानं तुळजापूरला गेलतो, तवा..." म्हणाल्या, आणि आत माग थांबल्यासारखा आवाज आला म्हणून चरखा फिरवायला लागल्या. जाताना त्यांनी माझ्या हातावर लाडू ठेवला. मी खाल्ला. का खाऊ नये?

परतीच्या एसटीत गर्दी होती, उभंच राहावं लागलं. हातकणंगले मागं पडल्यावर दादा म्हणाले, "मामा म्हणत होता, आणखी एक स्थळ हाय. निपाणीकडचं."

"बघा की."

"बघतो."

"पण आधी मी बोलणार त्याच्याशी. एकटी. तुम्ही कुणी न्हाय तिथं."

दादांनी वरचा दांडा धरलेला हात बदलला. "एकटीनं काय बोलणार?"

"ते माझं मी बघतो."

"लोक काय म्हणतील?"

"दम्याचा त्रास हाय म्हणतील."

दादा खिडकीबाहेर उसाकडं बघत राहिले. स्टँड आला, उतरलो, पेठेच्या रस्त्याला लागलो. घराच्या अलीकडं थांबून ते म्हणाले, "बरं. पण दार उघडं ठेवून."

"अर्धं," मी म्हटलं.